गिरणगावची सुटी आणि गिरणगावचे सण



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईच्या गिरण्यांतील कामाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी सरकारने पहिले कमिशन नेमले. एकाच सालातील या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवतो. शाळा आणि कोर्टे उन्हाळ्यात बंद असतात, वकील-मास्तरांच्या हाती संध्याकाळ मोकळी असते, आणि म्हणून वसंतातली व्याख्याने चांगली भरतात. ज्ञानसत्राला आधी सुटी लागते. पण त्याच १८७५ च्या वैशाखात ताडदेव-परळकडे जो माणूस सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चातीपुढे उभा होता, त्याला अशी संध्याकाळ नव्हती. त्याला आठवड्याचा वारही नव्हता. त्याची सुटी कशी आली आणि ती आल्यावर त्याने आपल्या सोबत्यांबरोबर तिचे काय केले, हा आजचा विषय.

हल्ली कचेऱ्यांतून दिवाळीच्या सुमारास रांगोळीच्या स्पर्धा होतात. एखाद्या दिवशी सर्वांनी पारंपरिक वेष करून यावयाचे असते, नाताळात एकमेकांस चिठ्ठ्या टाकून भेटी द्यावयाच्या असतात. सहकाऱ्यांत जिव्हाळा वाढावा, हा हेतू त्याच्या परिपत्रकात छापलेला असतो. यात वाईट काही नाही. पण हे सर्व वरून खाली येते. गिरणगावात जे घडले ते खालून वर गेले, आणि त्याचे परिपत्रक कोणी काढले नाही. म्हणून त्याचा इतिहास थोडा शोधून काढावा लागतो.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढच्या तीस वर्षांत भायखळ्यापासून परळ-लालबागपर्यंत धुराड्यांचे रान उभे राहिले. काम करावयास आले कोकणातले, म्हणजे मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि घाटावरचे सातारा-पुणे-अहमदनगरकडचे लोक. शेतीत विश्रांती ऋतूबरोबर येते. पेरणी झाली की श्रावण, कापणी झाली की दिवाळी, सुगी आटोपली की जत्रा. गिरणीला ऋतू नाही. तिथे वर्षातल्या मोठ्या सणांना दारे बंद होत, आणि यंत्रे साफ करावयाची असली म्हणजे काम थांबे. ही सफाईसुद्धा कामगाराच्याच हातून होई. शिवाय ज्या दिवशी एक गिरणी बंद, त्या दिवशी शेजारची चालू. भावाला सुटी मिळाली तर भाऊ कामावर, अशी गत.

१८८१ सालचा पहिला कारखाना कायदा झाला. त्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले आणि त्यांना महिन्यास चार सुट्या दिल्या. मोठ्या माणसांना काहीच दिले नाही. येथे नारायण मेघाजी लोखंडे पुढे येतात. सत्यशोधक विचारांचा, गिरणीत स्टोअरकीपरचे काम केलेला हा गृहस्थ १८८० पासून मुंबईत ‘दीनबंधू’ पत्र चालवीत होता. १८८४ च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कमिशनपुढे गेला. मागण्या पाहा. दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर दुखापत झाल्यास काही तजवीज. आणि या सर्वांच्या अग्रभागी, रविवारी सर्वांना सुटी.

‘रविवारी’ आणि ‘सर्वांना’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. महिन्यास चार दिवस, मालकाच्या सोयीने, अशी मागणी करता आली असती व ती कदाचित लवकर मान्यही झाली असती. ठरलेला एकच वार सगळ्या गिरण्यांना मागण्यात वेगळीच दृष्टी आहे. रविवार हा साहेबाचा वार म्हणून तो मागितला, असे कोणी म्हणेल. परंतु तो आपल्या खंडोबाचाही वार आहे, असे त्या वेळी सांगितले जाई, आणि घाटावरच्या कामगाराला ते पटण्यासारखे होते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. १८९० साली, दहा हजारांच्या पुढे, गिरणीतल्या बाया! आपल्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात या दोघींना जागा मिळालेली मी क्वचितच पाहिली आहे. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीस सरकारी शिक्कामोर्तब झाले. सफाईसाठी रविवारी सकाळी बोलावण्याची खोड काही गिरण्यांनी पुढेही बरीच वर्षे सोडली नाही, ते निराळे.

आता सुटी मिळाली. तिचे करावयाचे काय? येथे गावकीच्या खोलीचे वर्णन केले पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचे काही समजावयाचे नाही.

कोकणातला गडी बायकामुलांना गावी ठेवून एकटा येई. एका गावचे वीस-तीस, कधी त्याहूनही अधिक लोक मिळून चाळीतली एक खोली भाड्याने घेत. भिंतीला लागून प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक, खुंटीला सदरा, एका कोनाड्यात ग्रामदेवतेची तसबीर. दिवसपाळीचा गेला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई. जेवण खाणावळीत, आणि खाणावळ चालवणारी बाई बहुधा आपल्याच मुलखातली. नोकरी लावणारा मुकादम, ज्याला जॉबर म्हणत, तोही पुष्कळदा गावचाच किंवा शेजारच्या वाडीचा. म्हणजे जो खात्यात शेजारी उभा, तोच रात्री शेजारी निजलेला. तरीही नुसत्या सहवासाने स्नेह होतो असे समजू नये. जागेवरून, पाण्यावरून, उसनवारीवरून भांडणे रोजची होती. मुकादम दस्तुरी घेई, कर्जाच्या वसुलीसाठी पठाण पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभा असे, आणि कामावर बदलीवाल्याला घ्यावयाचे की नाही हेही मुकादमाच्या मर्जीवर. एकाची रोजी म्हणजे दुसऱ्याचा खाडा. अशा माणसांना एकत्र धरून ठेवणारे काहीतरी लागते, आणि ते सणाने पुरवले.

रविवारचे पहिले अपत्य म्हणजे भजनी मंडळ. मृदंग, टाळ, एक पेटी, एवढे भांडवल वर्गणीतून उभे राही. कोकणी मंडळींत दोन बुवा समोरासमोर बसवून रात्रभर सवाल-जबाब करावयाचे, ही डबलबारी विशेष आवडीची. शक्ती-तुऱ्याचे सामने, जाखडीचा नाच, दक्षिण कोकणातल्यांचा दशावतार, घाटावरच्यांचा तमाशा: प्रत्येकाने आपला मुलूख बरोबर आणला. तालमी होत्या, हुतूतूचे संघ होते. तालमीतला वस्ताद आणि खात्यातला जॉबर हे कधी कधी एकच असत, आणि मग त्या तालमीची ताकद मालकाच्या बाजूने वापरली जाते की कामगारांच्या, हा प्रश्न संपाच्या दिवशी येई. राजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकारांनी हे बारकाईने दाखवले आहे. निव्वळ करमणूक अशी वस्तू गिरणगावात फारशी नव्हती.

शिमगा आणि गणपती हे कोकणी माणसाचे दोन प्राण. शिमग्याला बोटी खुल्या असत. पालखी नाचवावयास गडी गावी जाई आणि गिरणीत खाडे वाढत. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, तेव्हाही तेच. गणपतीचे निराळे होते. पावसाळ्यात किनाऱ्याची बोटवाहतूक बंद राही, आणि ज्याला जाता येत नसे त्याला आपला देव येथेच बसवावा लागे. लोकमान्यांनी उत्सवास सार्वजनिक रूप दिले ते १८९३ च्या सुमारास. मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीतला गणपती त्याच सालचा. गिरणगावात ही लाट जरा उशिरा पण जोरात पोहोचली. चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, लालबागच्या गणेशगल्लीचे १९२८ चे, आणि ज्याला आज सारे जग ‘लालबागचा राजा’ म्हणून ओळखते तो १९३४ चा. तो मुळात कोळी मंडळी आणि तेथील छोट्या व्यापाऱ्यांनी बाजाराच्या जागेसाठी केलेल्या नवसातून उभा राहिला. माझ्या मते गिरणगावात हा उत्सव एवढा रुजला त्याचे एक कारण अडलेली बोट हे आहे. लोकमान्यांच्या प्रेरणेइतकेच ते लक्षात घ्यावे. लोकमान्यांवर या लोकांचे प्रेम होते याविषयी शंकाच नको. १९०८ च्या जुलैत त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा वर्षाला एक दिवस याप्रमाणे सहा दिवस गिरण्या बंद पडल्या.

गोकुळाष्टमीचा गोविंदा तर सहकाऱ्यांच्या विश्वासाची परीक्षाच. खालच्या थराला दणकट गडी, वर हलके, शेवटी पोर. गुरुपौर्णिमेपासून सराव सुरू व्हावयाचा. मधल्या थरातला एकजण कचरला तर सर्वच खाली. ज्यांना दिवसभर मागाच्या खडखडाटात एकमेकांशी खुणांनी बोलावे लागे, त्यांना ही बिनशब्दांची शिस्त कठीण गेली नसावी.

दसऱ्याचा सण मात्र खास गिरणीच्या आतला. शेतकऱ्याने नांगर पुजावा, शिपायाने तलवार, तसा कामगाराने साचा पुजला. आदल्या दिवशी यंत्रे पुसून लख्ख करावयाची, झेंडूच्या माळा चढवावयाच्या, नारळ फोडावयाचा, सर्व खात्यांत पेढे वाटावयाचे. एरवी ज्या यंत्राने बोटे नेली असतील त्यालाच हळदकुंकू. परक्याला हे विचित्र वाटेल; पण यंत्र मालकाचे असले तरी हात आपला, ही जाणीव त्या माळेत होती, असे मला वाटते. खात्याच्या वर्गणीतून सत्यनारायण होई. त्याच्या प्रसादाला लाल बावट्याचे कार्यकर्तेही येत, आणि त्यात कोणाला विसंगती दिसत नसे. बायांचे सण पुन्हा निराळे. १९२० च्या सुमारास गिरणी कामगारांत सुमारे एकपंचमांश स्त्रिया होत्या, मुख्यतः रीळ आणि वाइंडिंगच्या खात्यांत, आणि त्यांच्यावर नायकीण असे. संक्रांतीचे हळदीकुंकू, मंगळागौरीच्या फुगड्या यांना जागा लागते ती चाळीच्या गॅलरीने दिली. पण खरे बोलावयाचे तर पुरुषाचा रविवार हा बाईचा धुण्याचा आणि दळणाचा वार होता. लोखंड्यांच्या सुटीने तिला भोंग्यापासून मोकळे केले, चुलीपासून नव्हे.

येथपर्यंतचे चित्र गोड आहे. पण सणाने जोडले तसे तोडलेही, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबईचा सर्वांत मोठा रस्त्यावरचा उत्सव मोहरमचा होता. ताबुतांच्या मिरवणुकीत मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या टोळ्या निघत आणि त्यांत हिंदूही हौसेने सामील होत. विणाईखात्यात उत्तरेकडचे मुसलमान विणकर पुष्कळ. त्यांची वस्ती मदनपुऱ्यात. मग ऑगस्ट १८९३ ची दंगल झाली आणि गिरणगावही त्यात होरपळले. त्यानंतर लोखंड्यांनी राणीच्या बागेत सर्व धर्मांच्या लोकांचा एकोप्याचा मेळा भरवला. रविवार मिळवून देणाऱ्या माणसाने केलेली ही दुसरी मोठी कामगिरी आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. पुढे पोलिस कमिशनर एडवर्ड्स यांनी कडक नियम घातल्यावर १९१२ पासून मोहरमच्या टोळ्यांची जुनी मिरवणूक बंद पडली. तोवर हिंदूंचा मोठा ओघ गणपतीकडे वळलाच होता. जो सण दोघांचा होता तो एकाचा उरला, आणि जो नवा आला तोही एकाचाच राहिला. लोखंडे हे पाहावयास नव्हते. १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने त्यांचा अंत झाला.

दुसरी भेग याहून खोल. विणाईखात्यात महार कामगाराला प्रवेश नसे. धोट्यातून सूत ओढून घेण्यासाठी तोंड लावावे लागे, आणि त्याचा विटाळ मानला जाई. पगार जास्त तो विणाईतच. पाण्याची भांडीही वेगळी. १९२८ चा सहा महिन्यांचा प्रचंड संप चालू असताना डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. जे एका खात्यात उभे राहू शकत नाहीत ते एका मांडवात कसे बसणार? १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा अधिकार मिळावा म्हणून मोठा झगडा झाला. प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि डॉ. आंबेडकर हे त्यात होते. त्याची परिणती अशी, की तेथला गणेशोत्सव मागे पडून सार्वजनिक नवरात्र सुरू झाले. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ वर्गणी सर्वांची आणि पूजा काहींची असा होऊ शकतो, हे तेव्हा उघड झाले. वरळी-नायगावच्या बी. डी. डी. चाळींतून पुढे आंबेडकरी जलसे उभे राहिले, चौदा एप्रिलची जयंती सर्वांत मोठ्या सणाच्या तोलाने साजरी होऊ लागली, आणि तिचेही भजनी मंडळासारखेच वर्गणीचे वहीखाते, तसाच मंडप, तशीच रात्र जागवणारी मंडळी. ज्यांना मांडवाबाहेर ठेवले त्यांनी आपला मांडव घातला.

सण म्हटला की पैसा लागतो. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना अमाप नफा झाला आणि १९१७ पासून कामगारांना महागाईसाठी जादा रक्कम मिळू लागली; पुढे काही वर्षे सुमारे एका महिन्याच्या पगाराइतका वार्षिक बोनस दिला गेला. नफा घटल्याचे कारण सांगून मालकांनी १९२३ सालचा बोनस नाकारला. १९२४ च्या जानेवारीत दीड लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि दोन महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिले. सरन्यायाधीश मॅक्लाउड यांच्या समितीने निर्णय दिला, की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क पोचत नाही. कायद्याने तो हक्क व्हावयास १९६५ साल उजाडावे लागले. दिवाळीचा बोनस ही मालकाने खुशीने दिलेली ओवाळणी, असे समजून वाटल्या जाणाऱ्या मिठाईच्या पुड्याखाली ही चाळीस वर्षांची हकीकत आहे.

मध्यमवर्गीयांनी काहीच केले नाही असे नाही. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा, वाचनालये काढली आणि परळला दामोदर हॉल उभा राहिला. त्याच रंगमंचावर कामगारांची नाटके वाढली. दिवसभर साचा सांभाळणारा गडी रात्री मुखपाठ नाटकात राजा होई. काही संस्थाचालकांना तमाशा सुटावा आणि सुबोध नाटक यावे, अशी फार तळमळ होती. कामगारांनी नाटक घेतले, तमाशाही ठेवला. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ स्थापन झाले आणि नाट्यस्पर्धांना सरकारी आधार आला. लाल बावट्याच्या कलापथकातून अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी गिरणगावाचा आवाज महाराष्ट्रभर नेला, ती कथा स्वतंत्र व्याख्यानाची आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्याच मागे गेल्या. गावकीच्या खोल्या ओस पडल्या, दसऱ्याला पुजावयास साचे उरले नाहीत. मंडळे मात्र राहिली. लालबाग-परळचे गणपती पूर्वीपेक्षा मोठे झाले आहेत, वर्गणीच्या जागी जाहिरातींच्या कमानी आल्या आहेत, आणि रांगेत उभा राहणारा भाविक बहुधा त्या गल्लीत राहत नाही.

लोअर परळची फिनिक्स गिरणी जेथे होती तेथे आज मोठा मॉल आहे. रविवार हा त्याच्या सर्वांत गर्दीचा दिवस. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस उघडी ठेवता येतात. नोकराला आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळालीच पाहिजे, पण ती पाळीपाळीने. एकाची मंगळवारी, दुसऱ्याची गुरुवारी. १८९० पूर्वी दोन गिरण्यांतल्या भावांची जी गत होती, तिच्याशी याचे साम्य कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आले होते की नाही, कोण जाणे. त्याच गल्ल्यांतली मुले अशा दुकानांतून आणि कचेऱ्यांतून कामाला जातात, आणि गोविंदाचा सराव गुरुपौर्णिमेपासून अजून होतो; फक्त सगळे थर एका वेळी जमावेत म्हणून तो रात्री उशिरा ठेवावा लागतो.